सॅक पाठीवर घेऊन गणपतीपुळ्याला तीन तास: थांबा गाळावा की वेळ बदलावी?

यवतेश्वर_वारा (सातारा)

सातारा-सांगलीकडून सॅक घेऊन कोकणात उतरणाऱ्यांच्या आखणीत गणपतीपुळ्याचा थांबा हमखास असतो. सकाळी रत्नागिरीहून निघायचं, दर्शन, जेवण, समुद्र, आणि दुपारच्या गाडीने पुढं. कागदावर तीन तास भरपूर वाटतात. प्रत्यक्षात बहुतेकजण तोंड वाकडं करून परततात आणि 'पुळ्यात काही राहिलं नाही आता' हे वाक्य गावभर करतात.

माझ्या मते यात किनाऱ्याचा दोष कमी आणि वेळेचा जास्त. हिशोब मांडून बघा. गाडी अकराच्या सुमारास सोडते. सुट्टी असेल तर दर्शनाची रांग एक तास खाते. डोंगराभोवतीची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची, वाट फरसबंदी, आणि एप्रिल-मेमध्ये त्या फरशीवर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. नंतर जेवण. समुद्रासाठी उरतात चाळीस मिनिटं. तीही टळटळीत उन्हात, आणि सॅकपाशी कुणीतरी बसायला हवं म्हणून निम्मी मंडळी कोरडीच.

तर प्रश्न असा: हा थांबा सरळ गाळावा, की वेळ बदलून ठेवावा? बदलायची तर कशी? 'गोव्याला जा' हे उत्तर कृपया नको.

भडंगप्रेमी (सांगली)

गोव्याला जा.

भडंगप्रेमी (सांगली)

बरं, सिरीयसली. गाळा. चाळीस मिनिटांत आमच्याकडं भडंग कुठल्या दुकानातनं घ्यायचं यावर एकमत होत नाही, समुद्र काय बघणार लगा.

पंचांगवाले_काका (वाई)

वेळेचा दोष हे खरं, पण यवतेश्वर, तुम्ही फक्त घड्याळ बघितलंत. तिथी बघायची राहिली.

किनारपट्टीवरचा जुना ठोकताळा असा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराच्या पुढं ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास.

आता पुळ्याला लोक मुख्यतः कधी जातात? चतुर्थीला. संकष्टी असो वा विनायकी, चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पाणी वरपर्यंत चढलेलं. म्हणजे माणसं सगळ्यात जास्त आणि वाळू सगळ्यात कमी, हे दर चतुर्थीच्या दुपारी ठरलेलंच आहे. अंगारकीला तर विचारूच नका. त्या दिवशी देवदर्शन करावं, समुद्राला लांबून हात जोडावेत.

किनारा बघायचा तर चतुर्दशी ते द्वितीया हे दिवस धरा. सूर्य बुडायच्या वेळेला पाणी मागं गेलेलं असतं. आणि हे उधाणाचे दिवस असल्यामुळं ओहोटीही खोल लागते, वाळूचा पट्टा महिन्यात सगळ्यात रुंद असतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

गणिताचा_तास (कराड)

काका, ठोकताळ्यात फट आहे. अमावास्येला सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकाची पाऊणपट, म्हणजे दुपारी पाऊण. एका रात्रीत दीड तासाची उडी? भरती रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. शिवाय पंचांगात सूर्योदयाची तिथी छापतात, ती दुपारपर्यंत बदललेली असू शकते. क्षयतिथी-वृद्धितिथी आली की आणखी घोळ. दोन्हीकडं पाऊण तासाची सूट धरूनच हा हिशोब वापरावा.

नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, त्यावरून काढलेल्या वेळा मोबाईलवर सहज मिळतात. बघताना 'रत्नागिरी' निवडा, 'मुंबई' नको. रत्नागिरीला भरती मुंबईच्या आधी लागते. आणि वेळेसोबत उंचीही बघा. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात.

पंचांगवाले_काका (वाई)

मान्य. पाऊणपटीचा हिशोब वडापमध्ये बसल्याबसल्या करायला आहे, होडी हाकायला नाही.

खारं_वारं (रत्नागिरी, सासर मिरज)

वेळ, तिथी सगळं बरोबर आहे, पण पाण्यात उतरण्याबद्दल आधी बोलू या. पुळ्याच्या किनाऱ्याला उतार जास्त आहे. गुडघाभर पाणी चार पावलांत कमरेला लागतं. परत जाणारी लाट पायाखालची वाळू घेऊन जाते आणि उभा माणूस बसतो. बुडण्याच्या घटना वारंवार होतात. तिथं लावलेले इशाऱ्याचे फलक शोभेचे नाहीत.

ओढीचा पट्टा ओळखायला शिका. दोन्हीकडं लाटा फुटतायत आणि मध्येच एक गडद, शांत दिसणारी पट्टी आहे, फेस आणि कचरा त्या पट्टीतून समुद्राकडं निघालाय, तर तीच ती. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी तिथून परत जात असतं. नवखी माणसं नेमकी तिथं उतरतात, कारण 'इथं लाट नाही'.

अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेने पोहू नका, त्या ओढीविरुद्ध पट्टीचा पोहणाराही दमतो. किनाऱ्याला समांतर पोहा, पट्टा अरुंद असतो, बाजूला निघालं की लाटाच आत ढकलतात. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगा आणि एक हात वर करा. वाचवणाऱ्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, दोरी, काहीही तरंगणारं फेका आणि ओरडून माणसं जमवा. आपत्कालीन क्रमांक ११२, सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४.

सातारा-सांगलीकरांना वेगळं सांगावं लागतं, कारण विहिरीत सूर मारणारे आणि कृष्णेत पोहणारे तिकडं पुष्कळ. विहिरीला लाट नसते. नदीची ओढ एका दिशेची असते आणि पुढं कुठंतरी काठाला लागता येतं. समुद्रात श्वास घ्यायच्या क्षणी तोंडावर लाट येते, त्याची सवय विहीर लावत नाही.

मिरजेची_माई

खारं वारं, सून आमच्याकडची म्हणून नाही म्हणत, पण मुद्द्याचं बोललीस. एक जोडते. समुद्राकडं पाठ करून फोटो काढत उभं राहायचं नाही. हे मोठ्यांना जास्त सांगायला लागतं, पोरांना कमी.

कराड_स्टँड

मूळ दुखणं सॅकचं आहे, त्यावर कुणी बोलेना. तीन तासांच्या थांब्यात सॅक खांद्यावरनं उतरली नाही तर थांबा वाया गेला असं समजा. सोयी अशा:

जिथं जेवणार त्या खानावळीत आधी जाऊन विचारा. 'दोन तास ठेवू का, जेवण इथंच करणार आहे' म्हटल्यावर नाही म्हणणारे कमी. पैसे, कागदपत्रं, मोबाईल काढून कमरेच्या पाकिटात.

लहान लॉजवर फ्रेश होण्यापुरती खोली दोन-तीन तासांना मिळते. चौघांत वाटली तर परवडते, आणि समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याची अंघोळ होते. आधारकार्ड लागतं.

रेल्वेच्या सामानघराच्या भरवशावर राहू नका. तिथं सॅकला कुलूप हवं, तिकीट दाखवावं लागतं, आणि रत्नागिरीचं रेल्वे स्टेशन गावातल्या एसटी स्टँडपासून बरंच लांब आहे. चेनच्या दोन्ही ओढण्यांतून जाणारं छोटं कुलूप मात्र जवळ असू द्या, ते सगळीकडं उपयोगी पडतं.

आणि काहीच जमलं नाही, सॅक वाळूवरच ठेवायची वेळ आली, तर वाळलेलं शेवाळ आणि शिंपल्यांची जी आडवी रेघ दिसते तिच्या वर ठेवा. ती मागच्या भरतीची खूण. तिच्या खाली ठेवली आणि पाणी चढतं असलं तर अर्ध्या तासात सॅक पोहायला शिकते.

डोंगरवेडी (सातारा)

सॅकबद्दलच. वाळू चेनमध्ये गेली की तेल लावू नका, वाळू तेलाला चिकटते आणि चेन कायमची अडते. कोरड्या टूथब्रशने दात झाडा, मग मेणबत्ती घासा. ओले कपडे दोन पिशव्यांत, आणि तेही सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात. आत ठेवले तर स्लीपिंग बॅगला संध्याकाळपर्यंत तोच वास.

त्याहून महत्त्वाचं: खाऱ्या पाण्यातून निघून तसंच चालायला लागू नका. मीठ वाळलं की मांड्या, काखा आणि पट्ट्याखालचे खांदे घासून सोलवटतात, आणि पुढचे दोन दिवस चालणं नको होतं. अंघोळीची सोय नसेल तर लिटरभर गोडं पाणी नेमकं या जागांवर ओता, पूर्ण कोरडं करा, वर पेट्रोलियम जेली. बूट बांधायच्या आधी बोटांमधली वाळू काढा. जीन्स घालून समुद्रात जाणाऱ्यांविषयी काही बोलत नाही.

भडंगप्रेमी (सांगली)

बोला ताई, अर्धी सांगली जीन्सवरच उतरते.

खडूस_सातारकर

सगळे मिळून वेळेवर खापर फोडताय. वेळ बदलली तरी किनाऱ्यावरचा बाजार तोच. घोडा, उंट, चार चाकांची ती फटफटी, पाण्यातली स्कूटर, ओढत नेतात ती केळ्याच्या आकाराची बोट. जाणाऱ्याने निदान भाव ठरवताना चार गोष्टी विचाराव्यात. पैसे माणशी की फेरीचे? 'एक चक्कर' म्हणजे कुठून कुठपर्यंत? फोटोचे वेगळे का? मधेच बंद पडलं तर पैसे परत का? हे चढायच्या आधी, उतरल्यावर नाही. लाईफ जॅकेट अंगात घालून खांद्याच्या पट्ट्या वर ओढून बघायच्या. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. बकल तुटलेलं आणि गाठ मारलेलं जॅकेट घालायचं नाही. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. तेव्हा कुणी 'तुमच्यासाठी काढतो' म्हणाला तर पाय लावून पळा.

माझं मत गाळा असंच आहे. मालगुंड तिथून दीड-दोन किलोमीटर. केशवसुतांचा जन्म १८६६ सालचा तिथला, घर जपलंय, शेजारी स्मारक आहे. दुपारी सावलीत तासभर बरा जातो, आणि उंट नाही.

शाळामास्तर_तासगाव

खडूसराव, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत होतोय, तारीख लिहून ठेवा.

विट्याचा_पाव्हणा

पुळ्याचा हट्ट कशाला पण? विटा-कराडवाल्यांना गुहागर सरळ रस्त्यावर आहे. गुहागर-विजापूर रस्ता आपल्या दारातनं जातो: जत, विटा, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. वाट चुकायची सोय नाही. गावाला लागूनच लांबच लांब किनारा, मागं सुरूची झाडं, नारळी-पोफळीच्या वाड्या. व्याडेश्वराचं देऊळ स्टँडजवळ. उतरलं की पाच-दहा मिनिटांत वाळू. पुळ्यासारखा सगळा गाव एकाच दारात कोंबलेला नाही.

आंबाघाट (इस्लामपूर)

सांगली-इस्लामपूरकडच्यांना मात्र आंबा घाट सोयीचा. कोकरूड, मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, रत्नागिरी. म्हणून पुळ्याचा हट्ट, पाव्हणं.

कराड_स्टँड

कराड-चिपळूण रेल्वे झाली की सगळे प्रश्न सुटतील.

गणिताचा_तास (कराड)

तोपर्यंत समुद्रच कराडला येईल.

जेट्टीवरून

आंबा घाटाने उतरा आणि कुंभार्लीने चढा, म्हणजे भांडण मिटलं. सॅकवाल्यांसाठी हा फेरा चांगला आहे, कारण मधल्या खाडीवर फेरीबोट आहे आणि पायी माणसाला गाड्यांची रांग लागू नसते.

रत्नागिरीहून पुळ्याला जाताना आरे-वारेवरून जाणारी एसटी धरा, निवळीवरून जाणारी नको. किनाऱ्याचा रस्ता अंतराने कमी आहे आणि दोन्ही किनारे खिडकीतून वरून दिसतात, डावीकडं बसायचं. उतरायची गरज नाही. सावली नाही आणि पाणी तिथंही ओढणारं आहे. पुळे, मालगुंड, जयगड. जयगडचा किल्ला खाडीच्या तोंडावर, बघायला तास पुरतो. खाली जेट्टीवरून फेरीबोटीने पलीकडं तवसाळ. इथं एक अडचण: तवसाळहून पुढच्या एसट्या मोजक्या. बोटीतच गाडीवाल्यांना विचारून घ्यायचं, बोट लागल्यावर सगळे भुर्रकन जातात आणि जेट्टीवर तुम्ही आणि कुत्रं उरता. तवसाळहून हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, गुहागर. मग चिपळूण, कुंभार्ली, कराड. दापोली करायची असेल तर गुहागरवरून धोपावे-दाभोळ ही दुसरी फेरीबोट.

हेदवीला दशभुजा गणपती आहेच, पण समुद्राकडं बामणघळ बघा. काळ्या कातळातली अरुंद चीर, भरतीला पाणी आत घुसून वर उसळतं. आणि इथं पंचांगवाल्या काकांचा हिशोब उलटा लावायचा: पुळ्याला ओहोटी हवी, बामणघळीला भरती. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी भेग दिसते आणि लोक म्हणतात फसवलं. कडेवरचं शेवाळ निसरडं असतं, वाकून बघू नका.

पंचांगवाले_काका (वाई)

वा! म्हणजे पौर्णिमेला किंवा अमावास्येला अकराच्या सुमारास बामणघळ आणि त्याच संध्याकाळी गुहागरला रुंद वाळू. हेदवी ते गुहागर पंचवीसेक किलोमीटर, आरामात जमतं. उसळी मोठी हवी म्हणून उधाणाचा दिवसही बरोबर तोच पडतो.

डोंगरवेडी (सातारा)

हे आवडलं. अमावास्येला अजून एक फायदा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अंधाऱ्या किनाऱ्यावर कधी कधी लाट फुटताना निळसर चमकते, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळं. चांदणं किंवा हॉटेलांचे दिवे असले की दिसत नाही, म्हणून पुळ्यासारख्या उजळलेल्या ठिकाणी शोधू नका. आणि दिसेलच असं नाही, 'निळ्या लाटा दाखवतो' म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

नवखा_मुसाफिर (फलटण)

किनाऱ्यावर तंबू टाकला तर चालतो का? लॉजचे पैसे वाचतील. आणि एकट्या पुरुषाला खोली देत नाहीत असं ऐकलंय.

जेट्टीवरून

एकट्याला नाही म्हणणारे आहेत. आधी फोन करून 'एकटाच आहे, सॅक घेऊन फिरतोय' सांगून ठेवलं की दारात वाद होत नाही. मंदिराचं भक्तनिवास आहे, चतुर्थी आणि सुट्ट्या सोडून चौकशी करा.

तंबूचं म्हणाल तर मोकळ्या वाळूवर न विचारता टाकू नका. ग्रामपंचायतीला विचारा. सुरूचं बन बऱ्याच ठिकाणी वनखात्याचं असतं, तिथं चूल पेटवली तर दंड. सगळ्यात सोपं म्हणजे एखाद्या वाडीवाल्याला विचारून त्याच्या आवारात. शहाळ्याचा हंगाम असो-नसो, नारळाखाली तंबू नको, हे सांगायला लागू नये पण लागतं. हिवाळ्यापासून कासवं अंडी घालायला येतात, अशा किनाऱ्यांवर रात्री बॅटरी आणि शेकोटी दोन्ही वर्ज्य.

स्वस्तात जायचा दुसरा मार्ग मुक्कामी एसटीचा. तालुक्याहून संध्याकाळी लहान गावाला जाते, तिथंच थांबते, पहाटे परत निघते. त्या गाडीने लहान किनाऱ्याच्या गावाला जायचं, घरगुती मुक्काम, पहाटे ओहोटी असेल तर वाळूवर चक्कर, आणि दुसऱ्या दिवशी पुढं. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार आणि सात दिवसांचा असतो. बायकांना तिकीट निम्मं असल्यामुळं पास घेण्याआधी हिशोब करावा, बऱ्याचदा सुटी तिकिटंच स्वस्त.

मिरजेची_माई

एकट्या बायकांसाठी: किनाऱ्यावरची कपडे बदलायची खोली आतून कडी लागते का ते आधी बघावं. शक्यतो लॉजची खोलीच घ्यावी. सुती ओढणीपेक्षा पातळ पंचा बरा, लवकर वाळतो आणि आडोशाला धरता येतो. मासिक पाळीत समुद्रात जायचं तर कपवाल्यांनी वाळूच्या हातांनी हाताळू नये, बाटलीत गोडं पाणी ठेवावं.

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही! पुळ्याला दुपारी मंदिरात खिचडीचा प्रसाद असतो. उकडीचे मोदक हवेत तर आल्याआल्या सांगून ठेवा, ऐनवेळी मिळतात ते सकाळचे असतात आणि कड फाटते. मासे खाणाऱ्यांनी ताटाचा भाव विचारताना तुकडा केवढा तेही विचारावं, सुरमईचं ताट म्हणून शेपटाकडचा तुकडा येतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हाची सुरमई बर्फातली. त्या दिवसांत खाडीचे मासे विचारा, नाहीतर डाळिंबीची उसळ खा.

भडंगप्रेमी (सांगली)

आणि तिखट कमी लागलं म्हणून खानावळवाल्याशी भांडू नका. ते असंच असतं तिकडं. चटणीची पुडी घरनं न्या.

रस्सामंडळ (कोल्हापूर, सध्या सांगली)

विषय मालवणकडं नेतो, माफी. तारकर्लीला पाण्याखाली जायचं, दुपारपर्यंत आटपून गगनबावड्यावरनं रात्री घरी, असा बेत ठीक का? विमानात बसायचं नसतं म्हणतात, घाटाचं काय?

खारं_वारं (रत्नागिरी, सासर मिरज)

चांगला प्रश्न. पाण्याखाली दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, वर आल्यावर हळूहळू निघतो. उंचीवर दाब कमी, म्हणून तो घाईने निघू पाहतो. एका डुबकीनंतर विमानासाठी किमान १२ तास थांबा असा सर्वसाधारण नियम आहे, आणि सहाशे मीटरच्या वरचा रस्ताही उंचीच समजतात. गगनबावडा जवळपास सातशे, महाबळेश्वर साडेतेराशे मीटर. पर्यटकांना नेतात ती डुबकी पाच-सहा मीटरची आणि काही मिनिटांची, तिच्यात धोका अगदी कमी. तरी रात्र मालवणात काढून सकाळी घाट चढणं शहाणपणाचं. दमून रात्री घाट उतरण-चढणापेक्षा तेच बरं.

सर्दी असेल तर मात्र जाऊच नका. कानाचा दाब सुटत नाही, पडदा दुखावतो. नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, ते दुखायला लागायच्या आधी, दर अर्ध्या मीटरला. आणि पैसे देण्याआधी 'पाण्याखाली किती मिनिटं' विचारा. बोटीत बसण्यापासून परत येईपर्यंतचा वेळ सांगतात, पाण्याखालचा त्यातला थोडाच.

डोंगरवेडी (सातारा)

पायाला डांबराचे काळे गोळे चिकटतात, तेही सांगून ठेवते. मे ते सप्टेंबरात वाऱ्याने किनाऱ्याला लागतात. साबणाने निघत नाहीत. खोबरेल तेल चोळून कापसाने पुसायचं. सॅकच्या पट्ट्याला लागले तर गोठू द्या, मग खरवडा. पावसाळ्याच्या शेवटाला निळसर फुग्यासारखे जीव वाळूत पडलेले दिसतात, मेलेले दिसले तरी डंख मारतात. लागला तर चोळू नका, गोडं पाणी घालू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं. श्वास जड झाला तर सरळ दवाखाना.

यवतेश्वर_वारा (सातारा)

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडं येतो. वाचून आखणी अशी सुचतेय: पुळे दुपारचा थांबा म्हणून काढूनच टाकायचं आणि मुक्काम म्हणून घालायचं. संध्याकाळी चारच्या सुमारास पोचायचं, सॅक खोलीत. तिथी बघून चतुर्दशी ते द्वितीया. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास, मेमध्ये सातच्या, त्याआधी दीड तास वाळूवर. मंदिर पहाटे पाचला उघडतं, तेव्हा दर्शन आणि थंड फरशीवर प्रदक्षिणा. नऊला जयगडकडं. त्याच दिवशी अकराला बामणघळ मात्र जमत नाही.

जेट्टीवरून

नाही जमत, फेरीबोट आणि तवसाळची एसटी धरून बारा-साडेबारा होतात. पण तुम्ही पुळ्याला अमावास्येला पोचलात तर दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, भरती बाराच्या पुढं. म्हणजे जमतं!

गणिताचा_तास (कराड)

इथं मात्र ठोकताळ्यातली ती दीड तासाची उडी वापरू नका, पावणेबारा-बारा धरा. बाराला पोचलात तरी पूर्ण भरतीच्या आधी-नंतर तासभर उसळी बरी असते.

खडूस_सातारकर

म्हणजे तीन तासांच्या थांब्याचा दोन दिवसांचा बेत झाला. रजा कोण देणार?

विट्याचा_पाव्हणा

रजा नसंल तर गुहागर. शनिवारी रातच्याला निघा, रविवारी रातच्याला घरी. फक्त परतताना कुंभार्लीत ऊस आणि कंटेनरचे ट्रक असतात, अंधारात ओव्हरटेक नको. पावसाळ्यात धुकं उतरतं तेव्हा घाटाच्या खाली शिरगावलाच चहा घ्या, वर हेळवाकापर्यंत थांबायला धड जागा नाही.

नवखा_मुसाफिर (फलटण)

पुढच्या अमावास्येला कोण कोण येतंय? फलटणहून दोन जागा आहेत. जीन्सवाले चालतील.